स्नॅपआधीचे पंधरा सेकंद

मिनिआपोलिसच्या यू. एस. बँक स्टेडियममध्ये मी शक्यतो अगदी वरच्या मजल्यावरची, गोलपोस्टच्या मागची जागा घेतो. तिथून चेंडू इवलासा दिसतो, खेळाडूंचे चेहरे दिसतच नाहीत. पण मैदानावरची बावीसच्या बावीस माणसं एका नजरेत मावतात. मिनेसोटा व्हायकिंग्जचा बचाव पाहायचा तर तो इथूनच. टीव्हीचा कॅमेरा चेंडूमागे धावतो आणि या संघाच्या बचावातलं महत्त्वाचं बरंचसं चेंडू हलण्याआधीच घडून गेलेलं असतं.

चार प्रयत्नांत दहा यार्ड पुढे सरकायचं, नाहीतर चेंडू प्रतिस्पर्ध्याला द्यायचा, हा अमेरिकन फुटबॉलचा पाया. त्यामुळे तिसरा प्रयत्न, म्हणजे ‘थर्ड डाऊन’, आला आणि सात-आठ यार्ड बाकी असले की अख्खं स्टेडियम उभं राहून ओरडू लागतं. वर कायमचं छप्पर, त्यामुळे आवाज आतल्या आत घुमतो. पाहुण्या संघाच्या क्वार्टरबॅकला, म्हणजे चाल चालवणाऱ्या आणि पास टाकणाऱ्या खेळाडूला, शेजारच्या माणसालाही खुणेनंच सांगावं लागतं. त्याच्या हेल्मेटमध्ये रेडिओ असतो, त्यावरून प्रशिक्षक चाल सांगतो. पण चाल सुरू करायच्या घड्याळात 15 सेकंद उरले की तो रेडिओ बंद होतो. पुढचं सगळं त्याचं त्यानं बघायचं.

त्या वेळी मी चेंडूकडे पाहणं सोडून देतो. व्हायकिंग्जचे सहा, कधी सात जण रेषेवर येऊन उभे राहिलेले असतात. दोन लाइनबॅकर समोरच्या संघाच्या सेंटरच्या डाव्या-उजव्या फटीत घुसायच्या तयारीत वाकलेले. सेफ्टी हॅरिसन स्मिथ, ज्याची नेहमीची जागा बरीच मागे, तोही पुढे सरकलेला. सेंटर एका लाइनबॅकरकडे बोट दाखवून ‘हा माइक’ असं जाहीर करतो. कोणी कोणाला अडवायचं याची मोजणी त्या माणसापासून सुरू होते. मोजणी ठरते न ठरते तोच स्मिथ वळून मागे पळत सुटतो, दुसऱ्या बाजूचा एक जण पुढे येतो. क्वार्टरबॅक पुन्हा हात उंचावतो, पुन्हा खुणा होतात, घड्याळ उतरत जातं. मग स्नॅप, म्हणजे सेंटर चेंडू क्वार्टरबॅककडे मागे देतो. रेषेवरच्या सहांपैकी कधी सहाही आत शिरतात, कधी तिघंच शिरतात आणि बाकीचे उलट्या पावली मागे जाऊन पासच्या वाटा अडवतात.

चारपेक्षा जास्त माणसं क्वार्टरबॅकच्या अंगावर धाडली की त्याला ब्लिट्झ म्हणतात. हिशेब सरळ आहे. अडवायला पाच लाइनमन आणि मदतीला एक रनिंग बॅक, असे सहा. सात जण आले तर एक मोकळा सुटणारच. मात्र अकरांतले सात पुढे गेले तर मागे उरतात चार, आणि पास झेलायला धावणारे रिसीव्हरही तेवढेच. एकाला एक, पाठीशी कोणी नाही. क्रिकेटचा कर्णधार स्लिप, गली, शॉर्ट लेग असे सगळे बॅट्समनभोवती आणतो तेव्हा सीमारेषा मोकळी सोडतो. ब्लिट्झचा व्यवहार तोच.

हा व्यवहार कधीकाळी फार फायद्याचा होता. प्रशिक्षक बडी रायनच्या ब्लिट्झवर उभ्या असलेल्या बचावानं 1985 च्या हंगामात शिकागो बेअर्सला 15 विजय आणि एकच हार मिळवून दिली. सुपर बोलमध्ये न्यू इंग्लंडचा 46-10 असा धुव्वा उडाला. पण त्या एका पराभवातच पुढची दिशा दिसत होती. मायामीचा क्वार्टरबॅक डॅन मरिनो चेंडू इतक्या झटपट हातावेगळा करायचा की अंगावर येणारे पोचेपर्यंत पास निघून गेलेला असे. 38-24. मरिनोला जे उपजत होतं ते आज शाळेपासून शिकवलं जातं. आताच्या लीगमध्ये चेंडू हातात आल्यापासून तो सुटेपर्यंत सरासरी तीन सेकंदही लागत नाहीत. ब्लिट्झ ओळखला की क्वार्टरबॅक अंगावर येणारा जिथून आला त्याच मोकळ्या जागेत चेंडू टाकतो, आणि बचावाचा अतिरिक्त माणूस मोकळ्या मैदानात हात हलवत उभा राहतो.

फसलेल्या ब्लिट्झची किंमत किती, हे दोन सामन्यांच्या शेवटांनी दाखवून दिलं. 6 डिसेंबर 2020 रोजी न्यूयॉर्क जेट्स 28-24 असे पुढे होते, तेरा सेकंद उरले होते. बचावाचे प्रशिक्षक ग्रेग विल्यम्स यांनी जवळजवळ सगळेच पुढे धाडले. रेडर्सच्या डेरेक कारनं हेन्री रग्जला 46 यार्डांचा टचडाऊन पास दिला. सामना गेला आणि दुसऱ्या दिवशी विल्यम्स यांची नोकरीही गेली. 23 जानेवारी 2022 ला टँपा बेचे टॉड बोल्स यांनी 27-27 अशी बरोबरी असताना शेवटच्या अर्ध्या मिनिटात तेच केलं. रॅम्सच्या मॅथ्यू स्टॅफर्डचा कूपर कपला 44 यार्डांचा पास, मग फील्ड गोल, आणि रॅम्स विजयी. हेच बोल्स वर्षभरापूर्वीच्या सुपर बोलमध्ये कॅन्सस सिटीचा क्वार्टरबॅक पॅट्रिक महोम्सविरुद्ध ब्लिट्झ जवळजवळ गुंडाळून ठेवून 31-9 असे जिंकले होते.

फेब्रुवारी 2025 मध्ये फिलाडेल्फियानं तर कळसच केला. न्यू ऑर्लिन्सच्या सुपर बोलमध्ये त्यांनी महोम्सवर एकदाही ब्लिट्झ केला नाही. चार जणांनीच त्याला सहा वेळा पाडलं, मागे सात जण पास अडवत राहिले. 40-22. तो सामना पाहून ब्लिट्झचे दिवस संपले, असं कोणालाही वाटेल. मला तसं वाटत नाही. पुढचे चार जण इतके तगडे असणं हे क्वचित लाभणारं आणि फार महागडं भाग्य आहे. ज्यांच्याकडे ते नाहीत त्यांनी काय करायचं, या प्रश्नाचं उत्तर ब्रायन फ्लोरेस यांच्या बचावात आहे.

फ्लोरेस 2023 मध्ये व्हायकिंग्जच्या बचावाचे प्रशिक्षक झाले. लीगमधले संघ साधारण चारातल्या एका पासवर ब्लिट्झ करतात. त्या हंगामात व्हायकिंग्जनी जवळपास निम्म्या पासवर केला. सगळ्यांत जास्त. पण तिघांनाच पुढे धाडून आठ जण मागे ठेवण्यातही तेच सर्वांत पुढे होते. हे दोन्ही आकडे एकत्र ठेवले की मर्म कळतं. क्वार्टरबॅकसमोर चित्र एकच असतं, त्यातून निघणारी माणसं कधी सात असतात, कधी तीन. चेंडू झटपट सोडणं हे ब्लिट्झवरचं औषध खरं, पण ते लागू पडायला ब्लिट्झ येतोय हे आधी कळावं लागतं.

अँड्रू व्हॅन गिंकलचा 2024 चा हंगाम हे याचं सर्वांत देखणं उदाहरण. हा लाइनबॅकर रेषेवर अंगावर येणाऱ्याच्या आवेशात उभा असतो. पहिल्याच सामन्यात जायंट्सच्या डॅनियल जोन्सनं त्याच्या बाजूनं चेंडू टाकला, व्हॅन गिंकलनं तो झेलून टचडाऊन केला. महिनाभरानं लंडनमध्ये समोर ॲरन रॉजर्स, या खेळातल्या सर्वांत चाणाक्ष डोळ्यांपैकी एक. व्हॅन गिंकलनं पुढे यायचा देखावा केला, पाऊल मागे घेतलं आणि पास थेट त्याच्या हातात आला. 63 यार्ड धावत त्यानं टचडाऊन केला. ते क्षण मी वरून टिपलेल्या चित्रफितीत पुन्हा पुन्हा पाहतो. रॉजर्सनं ब्लिट्झ ओळखून योग्य तेच केलं होतं, पण ब्लिट्झच नव्हता. त्या हंगामात व्हायकिंग्ज 14 सामने जिंकले.

इथे एक अट आहे, आणि ती मला फार मोलाची वाटते. धाक टिकवायचा तर तो अधूनमधून खरा करावा लागतो. रेषेवर उभे राहिलेले नेहमीच मागे फिरू लागले तर चौथ्या-पाचव्या खेपेला क्वार्टरबॅक त्यांच्याकडे पाहणंही सोडेल. म्हणजे कधी ना कधी सगळ्यांना खरंच पुढे धाडायचं, मागे एकाला एक ठेवायचं आणि तो एक जण हरला तर टचडाऊन पत्करायचा. ही किंमत कोणत्याही हुशारीनं चुकवता येत नाही. मात्र ती कधी मोजायची, एवढं प्रशिक्षकाच्या हातात असतं. विल्यम्स आणि बोल्स यांनी ती अशा क्षणी मोजली, जेव्हा समोरच्याला एका लांब पासपलीकडे काहीच नको होतं.

कॅन्सस सिटीचे स्टीव्ह स्पॅग्न्युओलो नेमका उलटा क्षण निवडतात. 26 जानेवारी 2025, बफेलोविरुद्ध 32-29 अशी आघाडी, सामना शेवटच्या दोन मिनिटांच्या उंबरठ्यावर. बफेलोचा चौथा प्रयत्न, पाच यार्ड हवेत. चौथ्या प्रयत्नाला दुसरी संधी नसते. पास चुकला की चेंडू गेला. कॉर्नरबॅक ट्रेंट मॅकडफी कडेनं अंगावर आला, जॉश ॲलनला मागे सरकत चेंडू हवेत भिरकावावा लागला, आणि सामना तिथंच मिटला.

ब्लिट्झ आजही चालतो का, याचं माझं उत्तर हो असंच आहे. पूर्वी तो पायांच्या वेगावर आणि माणसांच्या संख्येवर चालायचा. आता तो हॅरिसन स्मिथसारख्यांच्या डोक्यावर चालतो, ज्यांना त्या पंधरा सेकंदांत समोरच्याची मोजणी वाचून आपली जागा बदलायची असते, आणि बदलूनही वेळेवर पोचायचं असतं. ज्या संघाकडे असे तीन-चार जण आहेत, त्यानं ब्लिट्झ सोडू नये. ज्याच्याकडे नाहीत, त्यानं चार जणांवर भागवावं आणि मागची फळी भक्कम ठेवावी.