न हलणारी चहाची धार

1978 साली जर्मनीतल्या एका स्त्रीच्या मेंदूतल्या शिरेत रक्ताची गुठळी झाली. ती वाचली. रंग ओळखू येत होते, वाचता येत होते, समोर कोण उभे आहे हेही कळत होते. पण कपात चहा ओतायला घेतला की धार तिला बर्फासारखी गोठलेली दिसे. कपातली पातळी चढताना दिसत नसल्यामुळे हात कधी आवरायचा तेच समजेना. खोलीत माणसे वावरू लागली की ती बावरून जाई. आत्ता इथे असलेला माणूस एकदम तिथे उभा, मधले चालणे नाहीच. लांब दिसलेली मोटार, रस्ता ओलांडायला पाऊल उचलावे तो जवळ आलेली असे. योझेफ त्सील आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1983 मध्ये तिच्या तपासणीचा वृत्तांत प्रसिद्ध केला. तिचे नाव गुप्त राहिले. मेंदूविज्ञान तिला ‘एल. एम.’ म्हणून ओळखते.

वस्तू आधी इथे होती, आता तिथे आहे, त्यावरून ती हलली असे मेंदू ताडत असेल, असे आपल्याला सहज वाटते. एल. एम.ला ‘आधी इथे’ दिसत होते आणि ‘आता तिथे’ही दिसत होते. हालचाल तेवढी दिसत नव्हती. आवाज सरकल्याचे तिला कानांनी कळे, त्वचेवरून काही फिरले तर तेही कळे. हरवली होती ती फक्त डोळ्यांनी दिसणारी गती. म्हणजे गती हा रंगासारखाच वेगळा अनुभव आहे आणि तो घडवणारी मेंदूतली जागाही वेगळी आहे. मला यापेक्षा विलक्षण गोष्ट क्वचितच वाचायला मिळाली आहे.

ती जागा माकडांमध्ये आधीच सापडली होती. 1971 मध्ये रोनाल्ड डुबनर आणि सेमीर झेकी यांनी ऱ्हीसस माकडाच्या मेंदूत, कानशिलाच्या बाजूच्या एका खोल घळीत, ती दाखवून दिली. हे माकड म्हणजे आपल्या घाटात वाटसरूंच्या हातातले खाणे पळवणाऱ्या माकडाचे उत्तरेकडचे भाऊबंद. त्याच वर्षी जॉन ऑलमन आणि जॉन कास यांना दक्षिण अमेरिकेतल्या निशाचर माकडातही असाच भाग आढळला. त्याला ‘एमटी’ किंवा ‘व्ही 5’ म्हणतात. माणसात तो कानाच्या मागे-वर, दोन्ही बाजूंना असतो. इथल्या पेशींना वस्तूच्या रंगाशी फारसे देणेघेणे नसते. बहुतेकींना दिशा हवी असते. एखाद्या पेशीशेजारी बारीक इलेक्ट्रोड ठेवून तो ध्वनिवर्धकाला जोडला, तर ठिपके तिच्या आवडत्या दिशेने सरकताच लाह्या फुटाव्यात तशी तडतड सुरू होते. उलट दिशेने सरकले की तडतड जवळजवळ थांबते.

पण दिशा कळणे सोपे नाही. कागदावर उजवीकडे चढत जाणारी लांब तिरकी रेघ ओढा. त्यावर मधोमध छोटे गोल भोक पाडलेले पोस्टकार्ड धरा आणि खालचा कागद सरळ उजवीकडे सरकवा. भोकातून रेघ खाली-उजवीकडे, तिरकी निघालेली दिसेल. आता कागद सरळ खाली सरकवा. पुन्हा तेच दिसेल! रेघेची टोके झाकलेली आहेत, तोवर खरी दिशा कळायला मार्ग नाही. डोक्याच्या मागच्या भागात दृष्टीचा पहिला मुक्काम असतो. तिथली प्रत्येक पेशी जगाकडे अशाच एका इवल्या भोकातून पाहते. एमटीतल्या पेशीची खिडकी त्या भोकाच्या सुमारे 10 पट रुंद असते. तिच्यात अनेक भोकांतल्या साक्षी एकत्र येतात. 2001 मध्ये ख्रिस्तोफर पॅक आणि रिचर्ड बॉर्न यांनी दाखवले, की तिरक्या रेघा हलताना एमटीतल्या पेशीही आधी फसतात, रेघेला काटकोनातली दिशा सांगतात, आणि मग सेकंदाच्या दहाव्या भागाच्या आसपास खऱ्या दिशेवर येतात. निवाडा होत असताना तो ऐकता येतो, असे म्हणायला हरकत नाही.

सर्वांत धाडसी प्रयोग स्टॅनफर्डचा. विल्यम न्यूसम यांच्या प्रयोगशाळेत माकडापुढे पडद्यावर ठिपके सोडत. जुन्या टीव्हीवर प्रसारण बंद झाल्यावर ‘मुंग्या’ दिसत, तसा तो गोंधळ. त्यातले थोडेसेच ठिपके एका दिशेने जात. कोणती दिशा ते माकडाने नजर वळवून सांगायचे; बरोबर आले तर बक्षिसाचा घोट. 1989 मध्ये असे दिसले, की एमटीतली एकेकटी पेशीसुद्धा सरासरीने अख्ख्या माकडाइतकाच अचूक निकाल देते.

एमटीत एकाच दिशेच्या पेशी शेजारी-शेजारी, खांबांसारख्या रचलेल्या असतात. याचा फायदा घेऊन 1990 मध्ये सॅल्झमन, ब्रिटन आणि न्यूसम यांनी ‘वर’ची दिशा सांगणाऱ्या पेशींच्या पुंजक्यात अगदी क्षीण, 10 मायक्रोअँपिअरचा प्रवाह सोडला. ठिपके तेच, पडदा तोच. माकड मात्र ‘वर’ असे उत्तर जास्त वेळा देऊ लागले. ठिपक्यांना एकही ठरावीक दिशा नसायची, तेव्हाही कल त्याच बाजूला जाई.

त्या क्षणी त्याला ठिपके खरोखर वर जाताना दिसत होते का, हे त्याला विचारता येत नाही. ते वरच्या खुणेकडे नजर टाकते आणि घोटाची वाट पाहते.