फिरत्या घरांतील ऊब

मोटारींतच बिऱ्हाड थाटून गांवोगांव हिंडावयाचें, ही कल्पना आमच्या पिढीस आजहि थोडी चमत्कारिक वाटते. जर्मनींत स्टुटगार्टजवळ राहणारा आमचा पुतण्या अशा एका मोटारीचा धनी आहे. एक जुनी मालवाहू व्हॅन घेऊन त्यानें तींत बिछाने, गॅसची चूल, पाण्याची टांकी इत्यादि सर्व सोय स्वहस्तें केली आहे. गेल्या हिवाळ्यांत आम्ही त्याच्याकडे गेलों असतां तो, त्याच्या मातोश्री म्हणजे आमच्या वहिनी, व आम्ही असे तिघे जण ह्या गाडींतून श्वार्त्सवाल्डच्या अरण्यांत दोन रात्री राहून आलों. पहिल्या रात्रीची हकीकत, व तिच्या पोटांत दडलेलें विजेच्या तारांचें प्रकरण, आमच्या वाचकांस सांगण्याजोगें वाटलें. पुष्कळ घरांचीं मुलेंबाळें आतां थंड मुलखांत स्थायिक झालीं आहेत.

गाडी उभी असतांना, एंजिन बंद ठेवूनहि, आंत ऊब देणारें जें यंत्र असतें त्यास तिकडे पार्किंग हीटर म्हणतात. वेबास्टो व एबरस्पेशर ह्या दोन जुन्या जर्मन कंपन्या त्यासाठीं प्रसिद्ध आहेत. यंत्र आकारानें बुटांच्या खोक्याएवढें. पण २ किलोवॅटपर्यंत उष्णता देतें. आपल्या घरच्या तांब्याच्या बंबाची आठवण करावी, म्हणजे त्याचें मर्म लक्षांत येईल. बंबाच्या मधल्या नळींत विस्तव असतो, भोंवतीं पाणी असतें. धूर वरच्यावर निघून जातो, पाण्यास त्याचा स्पर्शहि होत नाहीं. येथें पाण्याच्या जागीं हवा आहे, इतकाच फरक. धातूच्या बंद कोठडींत डिझेल जळतें. पंखा गाडींतील हवा त्या कोठडीच्या बाहेरून फिरवितो, व ती तापून परत येते. जळण्यास लागणारी हवा गाडीच्या खालून घेतलेली असते, आणि धूरहि निराळ्या नळीनें बाहेरच सोडलेला असतो. डिझेल ताशीं पाव लिटरच्या आसपास, व मंद चालविल्यास त्याहून बरेंच कमी लागतें.

डिझेलवर चालणाऱ्या यंत्रास विजेचें काय काम, अशी शंका येणें साहजिक आहे. डिझेल हें कापरासारखें काडी लावतांच पेटत नाहीं. तें पेटविण्यासाठीं कोठडींत एक लहानसा प्लग असतो, व तो वीज खाऊन लालबुंद होतो. ह्या मिनिट-दोन मिनिटांत यंत्र १२ व्होल्टच्या बॅटरींतून ८ ते १० अँपिअर ओढतें. एकदां ज्योत स्थिर झाली म्हणजे पंखा व डिझेलचा पंप यांस मिळून एक-दोन अँपिअर पुरतात. थोडक्यांत, हा पाहुणा आल्याबरोबर पंगत मागतो, मग रात्रभर चहावर राहतो!

असो. त्या रात्रीं बाहेर शून्याखालीं ८ अंश थंडी होती. नऊ वाजतां पुतण्यानें कळ फिरविली. पंखा घूं घूं करूं लागला, व खालून पंपाचा टक्‌ टक्‌ असा आवाज आला. वहिनींस पाल चुकचुकल्याचा भास झाला, व त्यांनीं 'कृष्ण कृष्ण' म्हटलें. पाऊण तासांत अंगावरील शाली काढाव्या लागल्या. पहांटे तीनच्या सुमारास मात्र आम्ही थंडीनें जागे झालों. पुरेशी ऊब झाल्यामुळें हीटर मध्यंतरीं आपण होऊन थांबला होता. पुन्हां पेटावयाच्या वेळीं दोनदां प्रयत्न करून तो बंद पडला, आणि कळीवरील दिवा लुकलुकत राहिला. वहिनींस दम्याचा जुना विकार. त्या उठून बसल्या, त्यांस धाप लागली होती. म्हणाल्या, "अरे, तो गॅस तरी पेटव घटकाभर."

"आई, तेवढें सांगूं नकोस," पुतण्या म्हणाला. त्याचें बरोबर होतें. बंद जागेंत उघडी ज्योत ठेविली कीं प्राणवायु कमी होत जातो व कार्बन मोनॉक्साइड हा विषारी वायु तयार होतो. त्यास रंग नाहीं, वास नाहीं. माणूस झोंपेंतच जातो. आपल्याकडे उत्तरेंत बंद खोलींत कोळशाची शेगडी ठेवून निजलेलीं माणसें सकाळीं मृत आढळल्याच्या बातम्या थंडीच्या दिवसांत येतात, त्या ह्याच वायूच्या.

पुतण्या फावडें घेऊन खालीं उतरला. एंजिनाच्या धुराच्या नळीभोंवतींचा बर्फ त्यानें आधीं दूर केला, कारण ती नळी बुजली तर तोच वायु गाडींत शिरावयाचा. मग एंजिन चालूं केलें. आश्चर्य असें कीं, हीटर पहिल्याच प्रयत्नांत पेटला. आणि ज्योत स्थिर झाल्यावर एंजिन बंद केलें तरी तो चालूंच राहिला. वहिनींस आम्हीं दोन रजया पांघरून बसविलें होतें. हळू हळू त्यांचा श्वास खालीं बसला. पुतण्या म्हणाला, "काका, हीटर निर्दोष आहे. दोष माझ्या तारेंत आहे."

हें त्यानें कसें ओळखलें? एंजिन चालूं असतां बॅटरीवरील दाब १४ व्होल्टच्या घरांत जातो. एरव्हीं तो साडेबाराच्या आसपास असतो, व रात्र चढते तसा उतरतो. हीटरमधील नियंत्रक दाब सुमारें १०.५ व्होल्टच्या खालीं गेला कीं पेटण्यास नकार देतो. म्हणजे वाटेंत कोठें तरी गळती होती. सकाळीं त्यानें हीटर बंद करून निवूं दिला, पुन्हां सुरू केला, व प्लग तापत असतांनाच मीटर लावला. बॅटरीच्या टोंकांशीं ११.९ व्होल्ट, हीटरच्या टोंकांशीं १०.४. दीड व्होल्ट वाटेंतच नाहींसा! हें मोजमाप हीटर स्वस्थ असतांना केलें तर कांहींच आढळत नाहीं. प्रवाह वाहूं लागल्याशिवाय तारेचा दोष बोलत नाहीं.

तार दीड चौरस मिलिमीटरची होती. जाण्याची पांच व येण्याची पांच, अशी दहा मीटर. तिचा रोध सुमारें ०.१२ ओहम, ९ अँपिअर प्रवाहास एक व्होल्टहून अधिक तेथेंच गेला. उरलेला अर्धा व्होल्ट ऋण टोंकास गेला. तें टोंक बोल्टनें गाडीच्या पत्र्यास जोडलें होतें, परंतु पत्र्यावरील रंग खरवडलाच नव्हता. घरीं उरलेली तार वाया जाऊं नये म्हणून वापरली, असें पुतण्यानें कबूल केलें. काटकसरीचा हा वारसा कोणाकडून आला हें आम्हीं विचारलें नाहीं.

फ्रायबुर्गला जाऊन चार चौरस मिलिमीटरची तार आणली, पत्रा चकचकीत होईपर्यंत घासला, व टोंकांस डोळ्याचे लग नीट दाबून बसविले. आतां घट ०.४ व्होल्टवर आली. धन तारेवरील फ्यूज मात्र त्यानें पूर्वींच योग्य जागीं, बॅटरीपासून वीतभर अंतरावर, बसविला होता. फ्यूज तारेच्या रक्षणासाठीं असतो; तो दूर हीटरजवळ बसविला तर मधली सारी तार उघडी पडते. यंत्र कुरकुरूं लागलें कीं मोठा फ्यूज घालून निश्चिंत होणारे महाभाग सर्वच देशांत आहेत. त्यानें दोष तसाच राहतो व आगीस मात्र वाट मिळते.

दुसरी एक गोष्ट आमच्या नजरेस आली. गाडींतील दिवे, पंप वगैरे सर्व एका मुख्य कळीनें बंद होत; हीटर तेवढा त्या कळीच्या आधींच बॅटरीशीं जोडलेला होता. कारण हीटर बंद केल्यावरहि पंखा कांहीं मिनिटें चालून तापलेली कोठडी निववितो. मध्येंच वीज तोडणें म्हणजे बंबांत विस्तव धगधगत असतां पाणी काढून घेण्यासारखें आहे. आणि ही बॅटरी घरगुती उपयोगाची निराळी, ९५ अँपिअर-तासांची. एंजिनाच्या बॅटरीवर हा भार टाकला असता तर सकाळीं गाडीच सुरू झाली नसती. शिशाच्या बॅटरींतील निम्माच सांठा खर्चावा असा संकेत आहे. हीटरची एक रात्र १५ अँपिअर-तासांच्या आसपास घेते, तेव्हां तेथें कांहीं उणें नव्हतें. नव्या लिथियम-आयर्न-फॉस्फेट बॅटऱ्या हलक्या असतात खऱ्या, पण शून्याखालीं त्या भरूं नयेत, म्हणून थंड देशांत त्यांस उबेची जागा द्यावी लागते.

निजण्यापूर्वीं पुतण्यानें उशाजवळील विषारी वायूच्या सूचकाचें बटण दाबून तो वाजवून दाखविला. वहिनींचें तेवढ्यानें समाधान झालें नाहीं, त्यांनीं तो आणखी एकदां वाजवावयास लाविला. रात्रीं दोनला त्यांनींच आम्हांस हलविलें. "अहो भाऊजी, पाल गप्प झाली." आम्ही तिघेहि अंधारांत कान देऊन बसलों. आंत ऊब चांगली होती. पांच-सात मिनिटांनीं पंखा कुरकुरला, प्लग तापला असावा, आणि खालून टक्‌ टक्‌ सुरू झालें. वहिनी कूस बदलून निजल्या.