पत्रिकेतले सात तुकडे

ऊसतोडीचा हंगाम आटोपून टोळ्या गावी परतल्या की बीड जिल्ह्यात लग्नसराईला जोर चढतो आणि घराघरांत पत्रिकांचा गठ्ठा साचतो. त्याच जाड कागदातून उत्तम टॅनग्राम, म्हणजे सात तुकडे जुळवून आकृत्या करण्याचे कोडे, निघतो.

गणपतीचे चित्र आधी कापून बाजूला ठेवायचे. मग दोन पत्रिका, छापील बाजू आत घेऊन, कणकेच्या खळीने चिकटवायच्या आणि रात्रभर पाट्याखाली दाबायच्या. वजन नसले की ओला कागद वाळताना हमखास वाकतो.

घड्या मात्र वहीच्या पातळ कागदावर घालाव्यात. 12 सेंटिमीटर बाजूचा चौरस आखण्यापुरतीच पट्टी लागते. कर्णावर कापले की दोन त्रिकोण होतात. पहिला मधोमध कापला की दोन मोठे तुकडे मिळाले. दुसऱ्याचे काटकोनी टोक समोरच्या लांब बाजूच्या मध्याला टेकवून घडीवर कापायचे. मधला त्रिकोण सुटतो, खाली होडी उरते. होडी मधोमध कापायची. एका अर्ध्या भागाचे निमुळते टोक लांब बाजूच्या दुसऱ्या टोकाला टेकवले की चौरस आणि लहान त्रिकोण. दुसऱ्या भागात लांब बाजूवरचा काटकोन समोरच्या बोथट कोपऱ्याला भिडवला की समांतरभुज चौकोन आणि आणखी एक लहान त्रिकोण. हे सात तुकडे चिकटवलेल्या पत्रिकांच्या पुठ्ठ्यावर ठेवून आखायचे आणि मोठ्या माणसाने ब्लेडने कापायचे.

क्षेत्रफळे चौरस सेंटिमीटरमध्ये येतात ती अशी: 36, 36, 18, 18, 18, 9, 9. बेरीज 144. दोन लहान त्रिकोण चौरसावर नेमके बसतात. मधल्या त्रिकोणावरही, समांतरभुज चौकोनावरही. आकार वेगळा, जागा तेवढीच, हे मुलाच्या बोटांना फळ्याआधी कळते.

समांतरभुज चौकोन तेवढा हट्टी. नुसता फिरवून तो आपली आरशातली प्रतिमा होत नाही, उलटावाच लागतो. छापील बाजू आत घेतली ती यासाठीच.

अमेरिकी कोडेकार सॅम लॉइड याने 1903 मध्ये हा खेळ चार हजार वर्षांचा असल्याचे लिहिले, ती निव्वळ थाप होती. या खेळाचे सर्वांत जुने ज्ञात चिनी पुस्तक 1813 चे. सातही तुकड्यांतून बहिर्वक्र, म्हणजे कुठेही आत खाच नसलेल्या, आकृत्या फक्त 13 होतात, हे दोन चिनी गणितज्ञांनी 1942 मध्ये सिद्ध केले. त्या 13 शोधायला एक सुट्टी पुरत नाही.

सगळा संच पत्रिकेच्याच लखोट्यात मावतो. दसरा-दिवाळीच्या सुमारास पुन्हा ऊसतोडीसाठी बोचकी बांधली जातील. आई-बापांबरोबर कोपीवर, म्हणजे तोडकऱ्यांच्या झोपडीवर, जाणाऱ्या किंवा मागे हंगामी वसतिगृहात राहणाऱ्या प्रत्येक मुलासाठी गुरुजींनी, बाईंनी, आजी-आजोबांनी असा एक लखोटा आधीच भरून ठेवावा. सात तुकडे मोजूनच.