वाटेवरचा पहारेकरी

शिकारीस निघण्यापूर्वी जनावराचा माग काढणे ही फार जुनी विद्या होय. पाणवठ्यावरील ओला ठसा, बुंध्यावरील नखांचे ओरखडे, अर्धवट खाल्लेले भक्ष्य यांवरून कसलेला वाटाड्या जनावराची ये-जा ताडीत असे. हेच काम आता एक लहानशी पेटी करते. तिला कॅमेरा-सापळा म्हणतात. भारतात १९७२ च्या कायद्याने वाघाची शिकार निषिद्ध ठरली. परंतु माग काढण्याची गरज संपली नाही.

लखनौजवळील मलिहाबाद व काकोरीचा परिसर आमराईंसाठी प्रसिद्ध आहे. डिसेंबर २०२४ मध्ये तेथील रहमानखेडा भागात एक वाघ वावरू लागला. २०१२ सालीही असाच एक वाघ तेथे येऊन राहिला होता. गावकऱ्यांना शेतात जाण्याची भीती वाटू लागली. वाघास मारावयाचे नव्हते, जिवंत धरावयाचे होते. आणि दाट झाडीत तो कोठून येतो हे कळल्यावाचून गुंगीच्या औषधाची बंदूक निरुपयोगी होती. वनखात्याने कॅमेरे लाविले, ड्रोन उडविले, दुधव्याहून हत्तिणी आणिल्या. अखेर सुमारे तीन महिन्यांनी, ५ मार्च २०२५ रोजी, वाघ जिवंत हाती आला.

या पेटीचे कार्य कसे चालते? तिच्या दर्शनी भागी उष्णतेतील फरक ओळखणारा संवेदक असतो. उष्ण शरीराचा प्राणी समोरून गेला की संवेदकावर पडणारी उष्णता एकाएकी बदलते आणि त्याच क्षणी छायाचित्र निघते. म्हणून पेटी पाऊलवाटेच्या कडेस, साधारण गुडघ्याच्या उंचीवर बांधतात. उन्हाने तापलेले गवत वाऱ्याने हलले तरी ती फसते; यासाठी पुढील गवत कापून ठेवावे लागते.

ही कल्पना याच प्रांतात फार पूर्वी रुजली. संयुक्त प्रांतातील वनाधिकारी एफ. डब्ल्यू. चॅम्पियन यांनी १९२० नंतरच्या दशकात वाघाच्या वाटेवर तार ताणून ठेविली. तारेला पाय लागताच प्रकाशाचा लखलखाट होई व वाघ स्वतःच आपले चित्र काढी. त्यांचे यावरील पुस्तक १९२७ साली निघाले.

दोन वाघांचे पट्टे कधीही सारखे नसतात. एकाच वाघाच्या दोन कुशींवरील पट्टेही भिन्न असतात. म्हणून गणनेच्या वेळी वाटेच्या दोन्ही बाजूंस समोरासमोर कॅमेरे लावितात. डॉ. उल्हास कारंत यांनी नागरहोळे येथे या पद्धतीस संख्याशास्त्राची जोड दिली. २०१८ च्या अखिल भारतीय गणनेत २६,८३८ ठिकाणी कॅमेरे लाविले गेले. मिळालेल्या सुमारे ३ कोटी ४८ लाख छायाचित्रांपैकी ७६,६५१ वाघांची होती.

अमेरिकेत हेच साधन शिकारी वापरतात. मोसमापूर्वी रानात पेट्या लावून कोणते हरिण कोणत्या वेळी येते, हे ते हेरून ठेवितात. ॲरिझोना राज्याने मात्र २०२२ पासून शिकारीसाठी या पेट्या वापरण्यास मनाई केली. जनावराची प्रत्येक हालचाल आधीच ठाऊक असेल, तर ती शिकार न्याय्य राहत नाही, असा तेथील आक्षेप होता.

छायाचित्र जनावर कोठे होते एवढेच सांगते. ते आता कोठे आहे, हे ठसे पाहून माणसालाच ताडावे लागते. त्या ज्ञानाचा उपयोग कशासाठी करावयाचा, याचा निर्णयही माणसाकडेच राहतो. रहमानखेड्यात त्या ज्ञानाने गावकऱ्यांची भीती दूर केली आणि वाघाचाही जीव वाचविला.