पीठ संस्थेचं, जागा घरची

गिरगावात १५ मार्च १९५९ रोजी सात बायकांनी ८० रुपये उसने घेऊन गच्चीवर पापड लाटायला घेतले. त्यातूनच उभी राहिली आजची ‘लिज्जत’ ही संस्था. लाटणारी प्रत्येक बाई इथे सहमालक, नफ्यातोट्याची वाटेकरी. मग मजुरी वजनावर मिळत असली, तरी जाड पापड लाटून ती फसवणार कुणाला?

सकाळी केंद्रावर आदल्या दिवशीचे वाळलेले पापड वजन करून द्यायचे, मजुरी घ्यायची आणि मळलेलं पीठ डब्यात भरून घरी न्यायचं. पीठ केंद्रावर मळलेलं, त्यामुळे घरोघरी लाटूनही चव बिघडत नाही. जागा बाईची स्वतःची, म्हणजे लाटण्यासाठी शेड बांधायचा खर्चच नाही. हिशेब साधा. पापड कडेपर्यंत सारखा पातळ कसा ठेवायचा, हे मात्र कागदावर उतरत नाही. ते नव्या हातांना लाटता लाटताच शिकावं लागतं.