सशर्त पदावली

सशर्त पदावली : एखादी अट सत्य आहे की असत्य, हे तपासून दोन मूल्यांपैकी एक देणारी संगणकीय भाषेतील रचना. सशर्त विधानामुळे संगणक विशिष्ट कृती करतो, तर सशर्त पदावलीपासून मूल्य मिळते.

सत्य व असत्य या दोनच मूल्यांचे बीजगणित जॉर्ज बूल यांनी १८५४ मधील ग्रंथात सविस्तर मांडले. फोर्ट्रान भाषेच्या पहिल्या आवृत्तीत (१९५७) अटीनुसार ऋण, शून्य व धन अशा तीन वाटा फुटत. सशर्त पदावलीचा पुरस्कार जॉन मॅकार्थी यांनी केला व लिस्प आणि अल्गॉल ६० या भाषांत तिचा समावेश झाला. सी भाषेत ती प्रश्नचिन्ह (?) व अपूर्णविराम (:) यांनी लिहितात.

पुणे शहरात काही रस्त्यांवर वाहने उभी करण्याची बाजू तारखेप्रमाणे बदलते : विषम तारखेस पी-१ व सम तारखेस पी-२. नवशिका प्रथम तारखेस २ ने भागून बाकी काढतो; बाकी १ असल्यास ‘विषम’ या चलाला सत्य, नसल्यास असत्य हे मूल्य देतो आणि नंतर ‘विषम = सत्य’ आहे का, हे पुन्हा तपासतो. ‘विषम’ हा चल स्वतःच सत्य वा असत्य असल्याने ही तुलना अनावश्यक ठरते. ‘बाकी = १ ? पी-१ : पी-२’ एवढी पदावली पुरेशी होते.

तथापि आटोपशीर रचना बिनचूक असतेच असे नाही. ‘काल पी-१ असल्यास आज पी-२, अन्यथा पी-१’ ही पदावली तितकीच लहान आहे. पण ३१ तारखेनंतर १ तारीख येते आणि दोन्ही विषम असल्याने बाजू बदलत नाही. ३१ दिवसांचे महिने सात असल्यामुळे वर्षातून सात वेळा व लीप वर्षात २९ फेब्रुवारीनंतर आणखी एकदा ही पदावली चुकते. शिवाय एकदा झालेली चूक पुढील अशा संधीपर्यंत रोज टिकून राहते.

लेखन आटोपशीर करताना दुहेरी नकार टाळावा. मदुराई येथे जन्मलेले गणितज्ञ ऑगस्टस डी मॉर्गन (१८०६–७१) यांच्या नियमानुसार ‘अ व ब दोन्ही सत्य आहेत, असे नाही’ याऐवजी ‘अ असत्य किंवा ब असत्य’ असे लिहिता येते. एका पदावलीत दुसरी गुंफल्यास वाचन अवघड होते. अशा वेळी स्वतंत्र विधाने इष्ट ठरतात. पदावली लिहिल्यावर ती सीमेवरील मूल्यांसाठी, म्हणजे वरील उदाहरणात महिन्याच्या अखेरच्या व पहिल्या तारखेसाठी, तपासून पाहणे आवश्यक असते.