‘समजलं का?’ असे विचारू नका

पालकहो, इंदूरमधील आपली मुले मराठी धडा घडाघडा वाचतात. ‘समजलं का?’ म्हटले की मान डोलावतात. पण ‘राजाने चोराला शिक्षा दिली’ हे वाक्य घ्या. हिंदीत शिक्षा म्हणजे शिक्षण! राजाने चोराला शिकवले, असेच मुलाला वाटेल.

म्हणून नेमके विचारा. चोराचं काय झालं? राजा का रागावला? राजाच्या जागी तू काय केलं असतंस? पहिले उत्तर धड्यातच असते, दुसरे संदर्भ जुळवून मिळते, तिसरे स्वतःच्या विचाराने द्यावे लागते.

उत्तर चुकले तरी रागावू नका. ‘कोणत्या ओळीवरून असं वाटलं?’ एवढेच विचारा. रोज एक पान आणि तीन प्रश्न पुरेत.